पोलिसांचं चित्रीकरण करता येतं का?

आज आपण खडकवासल्यात जमलो आहोत, तर सुरुवातही इथूनच करू. पावसाळ्यातला रविवार डोळ्यांसमोर आणा. धरणाकाठी कणसं, भजी, सिंहगडावरून उतरणाऱ्या गाड्यांची रांग आणि त्या गर्दीत रस्ता मोकळा करताना वैतागलेले पोलीस. कुणाची तरी गाडी बाजूला घेतली जाते, शब्दाला शब्द लागतो आणि गाडीवाला मोबाइल काढतो. पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "शूटिंग बंद कर, नाहीतर गुन्हा दाखल करीन."

कोणता गुन्हा? आज आपण मुख्यतः हेच पाहणार आहोत.

हे समजून घ्यायला खडकवासल्यासारखी सोयीची जागा नाही. आपल्या शेजारीच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिच्या आवारात किंवा फाटकाशी मनाई असताना कॅमेरा चालवला, तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. कारण शासकीय गुपिते अधिनियम, १९२३, म्हणजे वर्तमानपत्रांतला 'ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट', 'निषिद्ध जागा' कोणत्या ते कलम २(८) मध्ये सांगतो आणि लष्करी आस्थापना त्यात स्पष्टपणे येतात. याच कायद्याचं कलम ३ हेरगिरीचं आहे. संरक्षणाशी संबंधित प्रकरणात शिक्षा चौदा वर्षांपर्यंत. इंग्रजांच्या काळातला कायदा, पण आजही जिवंत.

आता प्रबोधिनीच्या फाटकापासून पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत या. हाच कायदा इथेही लागतो का? महाराष्ट्रात तो लावला गेला आहे, एकदा नाही, दोनदा तरी. मार्च २०१८ मध्ये वर्ध्यात शेजाऱ्यांशी झालेल्या वादातून एक गृहस्थ ठाण्यात गेले होते. तिथली बोलणी ते मोबाइलवर टिपत आहेत असं पोलिसांच्या लक्षात आलं आणि त्यांच्यावर थेट या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. विचार करा, भांडण शेजाऱ्याचं आणि कलम हेरगिरीचं! जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्या. मनीष पितळे आणि न्या. वाल्मिकी मिनेझिस यांनी, तो खटला रद्द केला. तर्क साधा होता. निषिद्ध जागेची व्याख्या कायद्याने पूर्ण दिली आहे. तिच्यात पोलीस ठाणं नाही. मग ते बाहेरून आत ओढता येणार नाही.

निकाल आला त्याच महिन्यात अहमदनगर जिल्ह्यातल्या पाथर्डीत जवळजवळ तसंच घडलं. घरात घुसखोरी झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या भावांनी पोलिसांशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं आणि पुन्हा तेच कलम लागलं. ते २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठासमोर टिकलं नाही. आम्हाला यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट : न्यायालयाचा निर्णय नागपूरहून पाथर्डीच्या ठाण्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. म्हणून तो आपल्याला माहीत हवा.

मग बिनधास्त शूटिंग करायचं का? थांबा. या निकालांनी एका कायद्याचा धाक काढला, सरसकट परवाना दिला नाही. 'चित्रीकरणाचा हक्क' असं नाव असलेलं कलम कुठेच नाही. सार्वजनिक जागी कर्तव्यावर असलेल्या पोलिसाचं चित्रण सरसकट गुन्हा ठरवणारं कलमही नाही, आणि अनुच्छेद १९(१)(क) मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आपल्या बाजूने आहे. माणूस अडकतो तो बहुतेक वेळा शूटिंगच्या भोवती जे घडतं त्यामुळे. मोबाइल पोलिसाच्या नाकासमोर नाचवणं, वाट अडवणं, हात झटकणं. अडथळ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ आहे. धक्काबुक्की झाली तर कलम १३२, दोन वर्षांपर्यंत कैद आणि अजामीनपात्र. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ प्रमाणे पोलिसाचे कायदेशीर आदेश पाळावे लागतात. "चार पावलं मागे व्हा" म्हटलं तर मागे व्हा आणि तिथून शूट करा. मागे होण्याने हक्क जात नाही.

धरणाकाठची आणखी एक गंमत. पाण्यात उतरायला मनाई आदेश असेल आणि तुम्ही पाण्यात उभं राहून शूटिंग करत असाल, तर गुन्हा पाण्यात उतरण्याचा होईल, मोबाइलचा नाही. पण तो होईल!

ठाण्यात एक पथ्य मात्र कडक पाळायचं. शेजारच्या बाकावर कुणी मुलगी, कुणी लहान मूल तक्रार द्यायला बसलेलं असू शकतं. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तुमच्या व्हिडिओच्या कोपऱ्यात तिचा चेहरा आला आणि तुम्ही तो ग्रुपवर टाकला, तर बाजू तुमची खरी असूनही आरोपी तुम्हीच.

वाहन अडवलं तर काय, हे थोडक्यात. गणवेशातल्या पोलिसाने मागितला तर परवाना दाखवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे कर्तव्य आहे. डिजिलॉकरमधला चालतो. अटक होत असेल, तर अटक करणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, कारण सांगितलं पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे. १९९६ च्या डी. के. बसू निकालातलं बरंचसं आता संहितेतच आलं आहे. आणि झडती घेताना दृक्‌श्राव्य चित्रण करणं कलम १०५ ने आता पोलिसांवरच बंधनकारक केलं आहे.

व्हिडिओ काढला, पुढे काय? इथे जालन्याची निवडणूक आठवा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभेचा उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावर आला. चित्रण होतं, पण त्याचं कायदेशीर प्रमाणपत्र मिळत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. आजच्या साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे. म्हणून मूळ फाइल मूळ फोनमध्येच ठेवा. कापू नका, त्यावर गाणं लावू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत म्हणजे मूळ फाइल नव्हे.

समोरच्या रांगेतून प्रश्न आलाय : "फोन हिसकावून व्हिडिओ डिलीट केला तर?" जप्ती करायची असेल तर ती नोंद करून, पंचनाम्याने होते आणि दंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते. नागरिकाच्या फोनमधलं चित्रण जागेवर पुसायला लावण्याची तरतूद कायद्यात नाही. तेव्हा हात उगारू नका. वेळ, जागा, छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहून ठेवा. त्याच दिवशी वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. हे ठाण्यात घडलं असेल, तर तिथल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा अशी मागणी त्याच अर्जात करा. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे आणि अठरा महिने साठवण बंधनकारक केली आहे. दाद मिळाली नाही, तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. आणि तो फोन? तज्ज्ञाला दाखवेपर्यंत त्यात नवीन काही भरू नका. पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळते.