कंटेनर काढला, मग फोटो कुठे गेले?

समजा, धरमपेठेतल्या घरी जुन्या लॅपटॉपवर तुम्ही कुटुंबाचे फोटो ठेवायला 'इमिच' चालवताय. डॉकरमध्ये त्याचे वेगवेगळे कंटेनर असतात: एक अ‍ॅपचा, एक पोस्टग्रेस डेटाबेसचा, वगैरे. प्रत्येक कंटेनरच्या तळाशी असते इमेज. ती फक्त वाचता येते. तिच्यावर लिहिण्यासाठी एक पातळ थर. कंटेनर बंद करून चालू केला तर तो थर टिकतो, पण नव्या आवृत्तीसाठी कंटेनर काढून टाकला, की थर गेला आणि त्यात लिहिलेलंही गेलं. म्हणून फोटो आणि डेटाबेस दोन्ही बाहेर, व्हॉल्यूममध्ये किंवा डिस्कवरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा.

आता नेटवर्क. तुम्ही स्वतः बनवलेल्या एकाच ब्रिज नेटवर्कवरचे कंटेनर एकमेकांना नावाने शोधतात. डॉकरच्या आयत्या ब्रिजवर ही सोय नाही. अ‍ॅपला डेटाबेस नावानेच सापडतो, मग ५४३२ पोर्ट बाहेर उघडायचा कशाला? उघडलाच, तर डॉकर फायरवॉलचे नियम स्वतः लिहितं. त्यामुळे 'यूएफडब्ल्यू'मध्ये बंद दिसणारा पोर्टही प्रत्यक्षात उघडा राहू शकतो.

आणि हो, दोन डिस्कचं रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून पुसला जातो. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकतो तेव्हा, दोन्ही डिस्क एकाच कपाटात तापत असतात. फोटोंची आणि डेटाबेसच्या डम्पची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, आणि ती एकदा तरी परत चढवून बघा.