शेजारी आंद्रेआस

अमेरिकेतल्या ल्यूथरन कॉलेजांची माहितीपत्रकं वाचायचा मला जुना नाद आहे. मिनेसोटातलं सेंट ओलाफ घ्या, आयोवातलं ल्यूथर कॉलेज घ्या. पहिल्या दोन-चार पानांत ‘पाचारण’ भेटलं नाही असं होत नाही. शिक्षण पोटापाण्यासाठी आहेच, पण देवाने आपल्याला कुठल्या कामासाठी हाक दिली आहे ते ओळखणं त्याहून मोठं, असा एकूण सूर. 2018 मध्ये ‘इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका’शी जोडलेल्या कॉलेजांनी मिळून एक निवेदन काढलं. त्यातही हेच: पाचारण शेजाऱ्याच्या सेवेसाठी असतं. आधाराला अर्थातच मार्टिन ल्यूथर. मोची, लोहार, शेतकरी हे आपापलं काम करत असतानाही बिशपइतकेच दीक्षित आहेत, असं त्याने 1520 मध्येच लिहून ठेवलं होतं.

या पत्रकांत जो मला कधीच भेटला नाही तो आंद्रेआस बोडेनस्टाइन. गावावरून त्याला कार्लस्टाट म्हणत. विद्यापीठ आणि पाचारण यांचं भांडण पहिल्यांदा पेटलं ते याच्यापायी.

विटेनबर्ग विद्यापीठात तो ल्यूथरचा ज्येष्ठ सहकारी. 1512 मध्ये ल्यूथरला डॉक्टरेट दिली गेली, तेव्हा ती प्रदान करणारा विभागप्रमुख हाच. 1519 मध्ये लाइपझिगच्या वादसभेत पोपच्या बाजूने उभ्या राहिलेल्या योहान एक याच्याशी आधी भिडला तोही हाच. 1521 च्या नाताळात त्याने साध्या कपड्यांत, जर्मन शब्दांत प्रभुभोजन दिलं, प्याला थेट लोकांच्या हाती दिला. गावात गडबड उसळली. मार्चमध्ये वार्टबुर्ग किल्ल्यात लपून राहिलेला ल्यूथर परतला, आठ दिवसांत आठ प्रवचनं देऊन त्याने गाव शांत केलं आणि कार्लस्टाट बाजूला पडला. हे सगळ्या चरित्रांत आहे. खरी गंमत पुढे आहे.

फेब्रुवारी 1523 मध्ये पदवीदान समारंभातच कार्लस्टाटने जाहीर केलं की यापुढे मी कुणाला पदवी देणार नाही. कारण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय: पृथ्वीवर कुणाला गुरू म्हणू नका. मग तो ओर्लाम्युंडे नावाच्या खेड्यात गेला. अंगात करडा शेतकरी कोट, डोक्यावर फेल्टची टोपी. मला डॉक्टर म्हणू नका, ‘भाऊ आंद्रेआस’ किंवा ‘शेजारी’ म्हणा, असं तो सांगू लागला.

यात नाटकीपणा होता का? थोडा असेलही. पण या गावाचा हिशेब बघितला पाहिजे. विटेनबर्गच्या ‘सर्व संत’ चर्चमध्ये कार्लस्टाट आर्चडीकन होता आणि त्या पदाचं उत्पन्न येत होतं ओर्लाम्युंडेच्या पॅरिशमधून. शेतकऱ्यांनी भरायचं आणि प्राध्यापकाने दूर विद्यापीठात बसून खायचं. पुढे 1525 मध्ये ल्यूथरला उत्तर देताना त्याने लिहिलं त्याचा आशय असा: मी खरोखरीचा शेतकरी किंवा कारागीर असतो तर घाम गाळून भाकरी खाल्ली असती, मी गरिबांच्या कष्टावर जगलो आणि त्यांना बदल्यात काही दिलं नाही. त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या प्राध्यापकाचा इतका सरळ कबुलीजबाब माझ्या वाचनात नाही.

ल्यूथरने त्या कोटाची आणि टोपीची यथेच्छ टर उडवली. त्याचा मुद्दा मात्र टवाळीचा नव्हता. ओर्लाम्युंडेला पाळक नेमण्याचा अधिकार विद्यापीठाचा आणि सॅक्सनीच्या राज्यकर्त्याचा. मग याला बोलावलं कुणी? गावकऱ्यांनी निवडलं, हे उत्तर ल्यूथरला पुरेसं वाटेना. नेमून दिलेली जागा सोडून मनात आली म्हणून दुसरी धरणं हे त्याच्या लेखी पाचारण नव्हतंच. त्यात शिक्षणच ओसरू लागलं होतं. विटेनबर्गच्या शाळामास्तराने 1522 मध्येच पालकांना मुलं घरी न्यायला सांगितलं होतं. विद्यापीठात 1520 च्या सुमारास वर्षाला पाचशेहून अधिक नवी नावं पडत, ती काही वर्षांत शंभराच्याही खाली आली. मुलांना शाळेत घाला म्हणून ल्यूथरला 1524 मध्ये नगरपालिकांना आणि 1530 मध्ये पालकांना विनवावं लागलं. प्रत्येक डॉक्टर नांगर धरायला गेला तर पोरांना शिकवणार कोण, ही त्याची धास्ती खोटी नव्हती.

22 ऑगस्ट 1524 रोजी दोघे येना इथे समोरासमोर आले. या भेटीचा वृत्तान्त येनाचा प्रवचनकार मार्टिन राइनहार्ट याने छापला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वात वाचनीय कागद तोच. सकाळी ल्यूथरने दंगलखोर वृत्तीवर प्रवचन झोडलं. कार्लस्टाट टोपी ओढून श्रोत्यांत हजर. दुपारी ‘काळं अस्वल’ नावाच्या खानावळीत गाठ पडली. मला बंडखोर प्रवचनकार थोमास म्युंट्सरच्या रांगेत का बसवता, हा कार्लस्टाटचा सवाल. तो रास्तही होता, कारण म्युंट्सरच्या सशस्त्र गटात सामील व्हायला ओर्लाम्युंडेने लेखी नकार दिला होता. शब्दाने शब्द वाढला. अखेर ल्यूथरने खिशातून सोन्याचा गुल्डन काढला आणि दिला: घे, आणि माझ्याविरुद्ध उघड लिही. कार्लस्टाटने तो सगळ्यांना दाखवला, विसार म्हणून वाकवला आणि बटव्यात टाकला. दोघांनी हातात हात दिले, ल्यूथरने त्याच्या नावाने प्यालाही उचलला.

दोन दिवसांनी ल्यूथर ओर्लाम्युंडेला गेला. तिथे मूर्ती ठेवाव्यात की नाही यावर त्याच्याशी वचनं काढून हुज्जत घातली ती एका मोच्याने. 1520 मध्ये ज्याला कागदावर दीक्षा दिली, तो चार वर्षांनी बोलू लागला, तर ते डॉक्टरसाहेबांना झेपलं नाही.

सप्टेंबरमध्ये कार्लस्टाटला सॅक्सनीतून हाकललं. राइनहार्टलाही येना सोडावं लागलं. शेतकरी-युद्धाच्या धामधुमीत जीव वाचवत कार्लस्टाट 1525 च्या उन्हाळ्यात आला कुठे, तर ल्यूथरच्याच घरी, आणि ल्यूथरने त्याला लपवलं. तोंड बंद ठेवायच्या अटीवर राहायची परवानगी मिळाली. मग काही वर्षं शेती, केमबेर्गमध्ये छोटंसं दुकान. शेती त्याला जमली नाही हेही नोंदवायला हवं.

विटेनबर्गने 1533 मध्ये ईश्वरविज्ञानाची बंद पडलेली डॉक्टरेट नव्या नियमांसह पुन्हा सुरू केली. नियम ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याने लिहिले, समारंभाला स्वतः सॅक्सनीचा राज्यकर्ता हजर होता. पुढच्या ल्यूथरन विद्यापीठांचा साचा इथे पडला. येनालाही 1558 मध्ये असंच एक विद्यापीठ उभं राहिलं.

आणि कार्लस्टाट? 1534 पासून तो बाझेलमध्ये प्राध्यापक. तिथे ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्यांनी डॉक्टरेट घेतलीच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांत तो पुढे होता. बाझेलच्या चर्चचा प्रमुख ओसवाल्ड म्युकोनियस याने साफ नकार दिला. नकाराच्या बाजूने बोलायचे मुद्दे त्याला 1523 मधल्या कार्लस्टाटने आयते पुरवले असते.

म्हणून मी त्याला हुतात्मा करणार नाही. 24 डिसेंबर 1541 रोजी तो बाझेलमध्ये प्लेगने गेला, प्राध्यापक म्हणूनच. पण आपल्या पाचारणाचा खर्च कोण भरतं, हा त्याने विचारलेला प्रश्न ल्यूथरने टाळला, आणि भरमसाट फी आकारणाऱ्या कॉलेजांची पत्रकंही टाळतात. तिथल्या अभ्यासक्रमात ल्यूथरच्या जोडीला राइनहार्टची ती पुस्तिकाही लावायला हवी.