विस्तव राखणारी माणसं

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात आग विझत नाही. इथल्या महाऔष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच 1983 मध्ये सुरू झाला; आज केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे. इथला कोळसा पेटायला असा उतावीळ, की ढिगात नुसता पडून राहिला तरी आतल्या आत तापून धुमसू लागतो. त्याच्यावर पाणी मारत राहावं लागतं. आणि वसाहतीच्या कुंपणापलीकडे झाडोरा सुरू होतो, तो ताडोब्याला जाऊन भिडतो. 2022 च्या फेब्रुवारीत याच वीजकेंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला. भट्टी आणि रान यांच्यात इथे एवढंच अंतर.

त्या रानात माणूस विस्तव कसा पाडत होता, रात्र कशी काढत होता, याची अलीकडे शहरी मंडळींना भारी ओढ लागली आहे. काडेपेटीशिवाय आग पेटवून दाखवणारी शिबिरं भरतात, टीव्हीवरचे साहसवीर घामाघूम होऊन लाकडं घासतात. ठिणगी पडली की टाळ्या. माझं म्हणणं असं, की ठिणगी हा या विद्येतला सगळ्यात सोपा भाग आहे.

चकमकीपासूनच बघू. तिच्यात ठिणगी दगडाची नसते, लोखंडाची असते. गारगोटीची धारदार कड पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत जळतो. चंद्रपूरच्या परिसराला दोन्ही वस्तूंची वाण कधीच नव्हती. शहरालगतच्या पापामियाँ टेकडीवर अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली आहेत, आणि लोहाऱ्यापासून सुरजागडपर्यंत लोहखनिज आहे. अडचण असते ती ठिणगी झेलण्याची. त्यासाठी काटेसावरीचा कापूस, तोही अगदी खडखडीत कोरडा. पावसाळ्यात तो कोरडा राखणं हीच खरी कसोटी. गंमत अशी, की पुढे काडेपेटी आली तीही याच झाडाच्या आधाराने. काटेसावरीचं मऊ, पांढरं लाकूड काड्यांसाठी देशभर वापरलं गेलं. शिवकाशीचा काडेपेटीचा धंदा आणि अंबरनाथला कारखाना काढणारी विमको कंपनी, दोन्ही 1923 चे. म्हणजे ज्या झाडाने चकमक चालवली, त्यानेच तिला घरी बसवलं.

चकमकीच्याही आधीची रीत घर्षणाची. मध्य भारतातल्या बांबूच्या रानांत ती बांबूवरच चाले. उभा वाळलेला बांबू घ्यायचा. जमिनीवर पडलेला नको, त्याने ओल धरलेली असते. तो उभा चिरायचा, एका फाकेच्या पाठीवर आडवी खाच पाडायची, खाचेखाली बांबूचाच खरवडलेला भुसा दाबायचा आणि दुसऱ्या फाकेची धार त्या खाचेत करवतीसारखी चालवायची. काळी भुकटी जमते, धूर येतो, तरीही हात थांबवायचा नाही. मग भुकटीचा निखारा होतो. त्याला फुंकर घालायची ती हळू, नाहीतर सगळंच उडून जातं. यज्ञातलं अग्निमंथन याच तत्त्वावर चालतं. शमीवर उगवलेल्या अश्वत्थाची अरणी आणि दोरीने घुसळलेला मंथा. एकाला आपण वैदिक परंपरा म्हणतो आणि दुसऱ्याला मागासलेपणा, हे काही बरं नव्हे.

पण रोज उठून एवढी मेहनत कोण करणार? विस्तव पाडण्यापेक्षा राखण्याकडेच लोकांचा कल असे. रात्री निखारे राखेत पुरायचे, पहाटे उकरून त्यावर काटक्या ठेवायच्या. विझलाच तर शेजारणीकडे विस्तव मागायला जायचं. रानात जाताना धुमसती गोवरी बरोबर न्यायची. आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेला, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा ‘ओत्झी’ हेच करत होता. त्याच्यापाशी भूर्जाच्या सालीचा डबा होता आणि त्यात मेपलच्या ओल्या पानांत गुंडाळलेल्या निखाऱ्यांचे अवशेष मिळाले.

मुक्कामाचं शहाणपण त्याच्याही पुढचं. तेंदूचं लाकूड तडतडतं, ठिणग्या उडवतं. झोपायच्या जागेजवळ ते लावायचं नाही. बांबूचं पेर बंद राहिलं तर आतली हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो. धावडा जड, त्याचा निखारा रात्रभर पुरतो. सालईत राळ असते, म्हणून ती चटकन पेट घेते. सागाची वाळली पानं तर सगळ्यात घातकी. आगटीभोवतीची पानं लांबवर झाडून घेतल्याशिवाय काडी ओढायची नाही. दोन-तीन ओंडक्यांची टोकं एकमेकांना भिडवायची आणि जळतील तसतशी आत सरकवायची. ना मोठा जाळ, ना लाकडाची नासाडी. हिवाळ्यात अंगावर पुरेसं कापड नसलेल्या माणसाला हीच गोधडी.

1871 मध्ये आलेल्या ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या कॅप्टन फोर्सिथच्या पुस्तकापासून साहेबांच्या शिकारकथा आणि छावण्यांची वर्णनं वाचायला मिळतात. तंबू, खानसामा, बंदुका, सगळं तपशीलवार येतं. पाणवठा शोधणारे, वाट दाखवणारे, रात्रभर जाळ राखणारे मात्र त्यांत बहुधा नावाशिवायच वावरतात. रानात राहण्याची विद्या त्यांची, पुस्तकं साहेबांची.

विद्येच्या धन्यांना पुढे कायद्याने गुन्हेगारही ठरवलं. मध्य प्रांताचा पहिला वनसंरक्षक पिअर्सन याने 1860 च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात वणवाबंदीचा प्रयोग केला. 1927 च्या भारतीय वन कायद्याचं कलम 26 राखीव जंगलात आग लावणं, आणि मनाईच्या काळात विस्तव नुसता जवळ बाळगणंही, गुन्हा मानतं. झाडोरा तोडून, जाळून राखेत बी पेरणारी माडियांची पेंडा शेतीही सरकारी नजरेत सलतच राहिली.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून रान जाळलं जातं, आणि मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ती आग हाताबाहेर जाते. जमिनीलगतची रोपं मरतात, पक्ष्यांची घरटी जातात. पण उपाय नुसत्या दंडाने होत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. जंगलाचं उत्पन्न गावाचं झालं, की वणवा हे गावाचंच नुकसान होतं. मग विझवायला कुणाच्या हुकमाची वाट बघावी लागत नाही. जाळरेषा आखणं, पाचोळा पेटवण्याऐवजी झाडाखाली जाळी अंथरून मोहफुलं गोळा करणं, हे उपायही तिथेच टिकतील जिथे जंगल आपलं वाटतं.

म्हणून हौशी मंडळींना माझं सांगणं एवढंच: घर्षणाने आग पाडायला जरूर शिका, पण आपल्या अंगणात, बादलीभर पाणी शेजारी ठेवून. बुद्धपौर्णिमेला ताडोब्याच्या मचाणावर रात्र काढायला मिळाली तर काडेपेटी घरीच ठेवा. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. या काळात रानात कुठेही धूर दिसला, तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा.