सेवाग्रामचं पत्र आणि अंदमानची धावपट्टी

एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. इंग्रज आपले शत्रू, जपानी इंग्रजांचे शत्रू. मग १९४२ साली जपान आपला मित्र का मानू नये? हिशोब सरळ वाटतो. तो तपासायला आज आपण वर्ध्याहून अंदमानला जाऊ.

२३ मार्च १९४२ रोजी जपानी फौजा पोर्ट ब्लेअरला उतरल्या. प्रतिकार असा झालाच नाही. बंगालच्या उपसागरावर नजर ठेवायची तर विमानं हवीत, विमानांना धावपट्टी हवी, आणि धावपट्टी बांधायला माणसं. ती कुठून आणली? तिथल्याच रहिवाशांना सक्तीनं कामाला जुंपलं. कार निकोबार बेटावर धावपट्टीसाठी निकोबारी लोक राबले.

डॉ. दिवाणसिंग हे तिथल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे अध्यक्ष. म्हणजे जपानच्या मदतीनं स्वातंत्र्य मिळवू पाहणाऱ्या संघटनेचेच पुढारी, बरं का! त्यांनाही सेल्युलर जेलमध्ये डांबून छळलं. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, तेव्हा ते त्याच तुरुंगात होते. १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला हंफ्रीगंजला ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या.

आता आपल्या जिल्ह्यात परत येऊ. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी जावं असा ठराव केला. चारच दिवसांनी गांधीजींनी सेवाग्रामहून जपानी जनतेला उघडं पत्र लिहिलं. मतितार्थ असा: तुमच्याबद्दल द्वेष नाही, पण चीनवरचं आक्रमण आम्हाला मान्य नाही, हिंदुस्थान तुमचं स्वागत करील, या भ्रमात राहू नका.

दिवाणसिंगांचं पुढे काय होणार, हे तेव्हा त्यांना कळणं शक्यच नव्हतं. मग ते कशाच्या आधारावर बोलले? त्यांनी चीनकडे पाहिलं. कुठलीही सत्ता आपल्या शत्रूशी भांडते म्हणून चांगली ठरत नाही. ताब्यात आलेल्या दुबळ्या माणसाशी ती कशी वागते, यावरून तिची पारख होते.

हा निकष इंग्रजांनाही लावायचा. सेल्युलर जेल त्यांनीच बांधला होता. म्हणून तर एकाच आठवड्यात, एकाच गावच्या परिसरातून, दोघांनाही नकार गेला. ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ या हिशोबात धावपट्टीवर राबणारा माणूस मोजलेलाच नसतो. आपण तो मोजायला शिकलं पाहिजे.