जुन्या शिकारी बंदुका : ओळख व जतन

मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता कणकवली मागें टाकून कुडाळकडे निघाला, कीं वाटेंत कसाल लागतें. येथूनच मालवणकडे फांटा फुटतो. आसपासच्या वाड्यांत भात, नारळ, काजू व आंबा यांचें उत्पन्न निघतें; आणि जेथें उत्पन्न आहे, तेथें त्यावर टपलेलीं रानडुकरें व वानर हेही आहेत. म्हणूनच या मुलखांतील कित्येक घरांत नांगर व कोयती यांच्या जोडीला ठासणीची एक बंदूक चालत आलेली आहे. सरकारी कागदांत तिला शेतीसंरक्षणाची बंदूक म्हणतात.

घरांतील कर्ता पुरुष निवर्तला आणि मुलें चाकरीनिमित्त मुंबई-पुण्यास राहिलेलीं असलीं, म्हणजे ही बंदूक एक अवघड वारसा होऊन बसते. कोणी ती मोडीच्या भावानें विकूं पाहतो. कोणी कांचकागदानें घासून दिवाणखान्यांत टांगूं पाहतो. तर कोणी केवळ गंमत म्हणून तिचा बार काढूं पाहतो. पहिल्या कृत्यानें इतिहासाचा एक पुरावा नाहींसा होतो, दुसऱ्यानें तो पुसला जातो, आणि तिसऱ्यानें माणूसच दगावण्याचा संभव असतो. या तिन्ही चुका टाळावयाच्या, तर आपल्या हातीं काय आलें आहे, हें प्रथम ओळखतां आलें पाहिजे.

बंदुकीची ओळख नळीवरून नव्हे, तर चापावरून करावी. कारण दारूला विस्तव कसा पोंचतो, यावरच बंदुकीची जात ठरते. सर्वांत जुनी जात तोड्याची. तींत जामगिरी, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली धुमसती वात, चाप ओढतांच कानाजवळच्या रंजकेवर टेंके व आंतील बार पेटे. दुसरी जात चकमकीची. तींत घोड्याच्या जबड्यांत बसविलेली गार पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडे. दोहोंचें वैगुण्य एकच : पावसांत रंजक भिजली कीं बंदूक म्हणजे नुसती काठी! शिवाय रंजक भडकून बार उडेपर्यंत जो क्षण जाई, तेवढ्यांत सावज सावध होई.

स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ हा धर्मोपदेशक पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजकेचा भडका पाहून उडून जाणाऱ्या पक्ष्यांमुळें तो त्रासला, आणि आघातानें पेटणारें रसायन बंदुकीस लावण्याची युक्ति त्यानें काढली. १८०७ सालीं त्यानें तिचा एकाधिकार मिळविला. पुढें याच कल्पनेंतून तांब्याची इवलीशी टोपी निघाली. नळीच्या बुडाशीं असलेल्या पोकळ बोंडावर ही टोपी बसवावयाची आणि घोडा तिजवर आपटावयाचा, ही तिसरी जात. पावसाळी मुलखाला हीच मानवली, यांत नवल नाहीं. चौथी जात मागून काडतूस भरण्याची. चकमकीच्या कित्येक बंदुका मागाहून टोपीच्या करण्यांत आल्या. चापाच्या पट्टीवर बुजविलेलीं जुन्या स्क्रूंचीं भोकें दिसलीं, तर असें रूपांतर झालें असावें, असें समजावें.

जात ठरल्यावर खुणा पाहाव्या. चापाच्या पट्टीवर मुकुट व ‘टॉवर’ हा इंग्रजी शब्द असल्यास तो लंडनच्या टॉवरमधील सरकारी शस्त्रागाराचा शिक्का होय. मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह ही ईस्ट इंडिया कंपनीची एकोणिसाव्या शतकांतील खूण. त्यापूर्वींची खूण हृदयाच्या आकाराची असे. परंतु देशी कारागीरही हे शिक्के उठवीत. अक्षर उलटें किंवा स्पेलिंग चुकलेलें दिसलें, तर ती नक्कल समजावी. अशी नक्कलही टाकाऊ नव्हे. तीही कोणा लोहाराच्या हातची कामगिरीच आहे.

नळीच्या बुडाशीं बारीक शिक्के असतात, ते परीक्षेचे. विकण्यापूर्वीं नळींत नेहमींपेक्षां जड बार भरून ती टिकते कीं फुटते, हें पाहण्याची विलायतेंत सक्ती असे. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्यानें स्थापन झालें. त्याच्या जुन्या शिक्क्यांत मुकुटाखालीं फुलीसारखे दोन राजदंड असतात. त्याजवळच १२ किंवा १६ असा आंकडा दिसल्यास तो नळीच्या व्यासाचा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल, ती बारा नंबरची नळी. तिचा व्यास सुमारें १८.५ मिलिमीटर भरतो.

खुणा वाचण्याच्या या शास्त्राचा उत्तम धडा स्वीडनच्या शिकारी रायफलींत मिळतो, व म्हणूनच युरोप-अमेरिकेंतील संग्राहक त्यांवर लुब्ध असतात. हुस्क्वार्ना येथील कारखान्याची परंपरा १६८९ सालापासून सांगतात. आपल्याकडे आज हें नांव गवत कापण्याच्या यंत्रावर दिसतें. पण त्या यंत्रावरील चिन्ह मुळांत बंदुकीच्या तोंडाचें व माशीचें चित्र आहे, हें थोड्यांच्या लक्षांत येतें. त्या कारखान्यांतील बंदुकांचें काम १९८९ सालीं बंद पडलें. एस्किल्स्टुना येथें कार्ल गुस्ताफ या नांवाचा दुसरा कारखाना होता. १८९४ सालीं स्वीडन व नॉर्वे यांनीं ६.५ मिलिमीटर व्यासाचें काडतूस स्वीकारलें. त्यासाठीं बनलेल्या माउझर पद्धतीच्या लष्करी रायफलींवर कारखान्याचें नांव व साल कोरलेलें असून, लहानसहान भागांवर अनुक्रमांकाचे शेवटचे आंकडे ठोकलेले असतात. ते सर्व जुळले, तर रायफल मूळची अखंड आहे, असें संग्राहक मानतो. एखाद्यानें हौसेनें ते आंकडे घासून टाकले, म्हणजे रायफल उजळते खरी, पण मुकी होते. हाच न्याय कसालच्या ठासणीच्या बंदुकीलाही लागू आहे.

आतां जतनाकडे वळूं. या किनाऱ्यावर वर्षाकांठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मालवणकडून येणारा वारा मिठाचा अंश घेऊनच येतो. परंतु नळीचा खरा वैरी तिच्या आंतच असतो. काळ्या दारूंत स्थूलमानानें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असतो. ती जळल्यावर मागें राहणारी काजळी हवेंतील ओल शोषून घेते. जुन्या टोप्यांतील मसाला जळून जो क्षार उरतो, तो तर स्वयंपाकघरांतील मिठाचाच भाऊबंद. तेलांत तो विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणूनच बार काढल्यावर नळी प्रथम कढत पाण्यानें धुवावयाची, पूर्ण कोरडी करावयाची व मगच तेल लावावयाचें, असा जाणत्या शिकाऱ्यांचा रिवाज. नुसतें तेल पुसणाऱ्याची नळी आंतून कुजत जाते.

वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या बंदुकीचा गंज दोन प्रकारचा असतो. लालसर, बोटाला लागणारा गंज जिवंत होय. तो तेल लावून, मऊ चिंधीनें, धीरानें काढावा. गडद तपकिरी, गुळगुळीत थर मात्र कित्येकदां कारागिरानें मुद्दाम चढविलेला असतो. त्याला हात लावूं नये. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून वेढलेल्या नळीवर लाटांसारखी सुंदर नक्षी असते. कांचकागदाच्या चार फटकाऱ्यांत ती जाते, आणि पुन्हां येत नाहीं. दस्ता विलायती असल्यास बहुधा अक्रोडाचा असतो. त्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे, व्हार्निश नको. बंदूक चामड्याच्या वा लोंकरीच्या पिशवींत ठेवूं नये, कारण त्यांत ओल धरते. उभी ठेवावयाची तर नळीचें तोंड खालीं असावें, म्हणजे तेल दस्त्यांत मुरून लाकूड कुजत नाहीं.

मात्र या सर्वांआधीं एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. रात्रीं रानडुकरासाठीं भरलेली बंदूक सकाळीं तशीच कोपऱ्यांत राहिली, असें पुष्कळदां घडे. आणि कोरडी राहिलेली काळी दारू अनेक वर्षांनींही पेटते. म्हणून जुनी बंदूक भरलेलीच आहे, असें समजून तिला हात लावावा, आणि बार तपासण्याचें काम परवानेदार शस्त्रकारावरच सोंपवावें. जुन्या नळींत नवी निर्धूर दारू वापरणें तर आत्मघातच होय. काळ्या दारूसाठीं घडविलेली नळी तिचा दाब सोसत नाहीं.

राहतां राहिला कायदा. १९५९ चा शस्त्र-अधिनियम १९६२ सालीं अंमलांत आला. जुन्या धाटणीचें अथवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें जें हत्यार दुरुस्त करूनही उडूं शकत नाहीं, त्याला या अधिनियमाच्या ४५ व्या कलमान्वयें सवलत आहे. पण तें खरोखर तसें आहे कीं नाहीं, हें मालकानें आपल्याच मनाशीं ठरवूं नये. जें उडूं शकतें, त्याला परवाना हवाच. परवानेदार वारला, तर वारसानें बंदूक घरांत दडवून न ठेवतां पोलिस ठाण्यांत किंवा परवानेदार व्यापाऱ्याकडे जमा करावी, व आपल्या नांवानें परवान्यासाठीं अर्ज करावा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं रत्नागिरीपासून वेगळा झाला. म्हणून आजोबांचे कागद रत्नागिरीचे आणि आजचें जिल्हाधिकारी कार्यालय ओरोसचें, हा फरक ध्यानांत ठेवावा. नळी आंखूड करणें व ओळखीच्या खुणा खोडणें या दोन्ही गोष्टींना कायद्याची मनाई आहे. संग्राहकाची नीति व कायद्याची आज्ञा येथें एकच बोलतात. शिकार म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तिचे दिवस संपविले. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारावयाचें, तरी आधीं परवानगी लागते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत किंवा मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जुनीं शस्त्रें पाहतां येतात. पण तेथें पोंचतात तीं बहुधा राजवाड्यांतील व सरदारांचीं. शेतकऱ्याची बंदूक तेथें क्वचितच जाते. तिची हकीकत घरच्यांनींच लिहून ठेवली पाहिजे : ती कोणी घेतली, कोणत्या सालीं, कोणत्या परवान्यावर; घोड्याची दुरुस्ती कोणत्या गांवच्या लोहारानें केली; कोणत्या शेतावर ती रात्रीं जागली. वहीचें एक पान याला पुरेल. मात्र हें सांगूं शकणारें माणूस घरांत आहे, तोंवरच तें पान लिहून होईल. लोखंडाचा गंज तेलानें थांबतो, विस्मृतीवर तसें तेल नाहीं.