यंत्र आणि न्यायालय (भाग ६) : साठ की आठ?

भवानीनगरच्या कारखान्याभोवतालच्या उसाच्या रानाचा दावा इंदापूरच्या कोर्टात उभा आहे असे समजा. पिंजऱ्यातला म्हातारा म्हणतो, “साठ गुंठे.” त्याच क्षणी समोरचे वकील हरकत घेतात आणि साहेब लघुलेखकाला मजकूर सांगत असतात. तिघांचे आवाज एकाच मायक्रोफोनमध्ये गेले, तर नंतर ते खात्रीने सोडवता येत नाहीत. म्हणून न्यायाधीश, साक्षीदार आणि दोन्हीकडचे वकील अशा चार वाटा, म्हणजे चॅनेल, वेगळ्या ठेवायच्या. साक्ष यंत्राने नोंदवायला दिवाणी संहितेच्या आदेश १८, नियम ४ ने 2002 पासूनच मुभा दिली आहे.

आता ‘साठ’मधला ‘स’. त्याचा बराचसा जोर 4,000 हर्ट्झच्या वर असतो. जुन्या टेलिफोनची पट्टी 3,400 च्या आसपास संपते, म्हणून फोनवर ‘साठ’चे ‘आठ’ ऐकू येऊ शकते. सेकंदाला 16,000 नमुने घेतले तर 8,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज टिकतो. बोलण्याला तेवढे पुरते. 16 बिटांच्या वेव्ह फाइलमध्ये एका चॅनेलचा तास सुमारे 115 एमबी होतो, चारांचा 460. स्टुडिओच्या थाटात 48,000 नमुने आणि 24 बिट घेतले, तर चार चॅनेल मिळून तासाला 2 जीबी ओलांडतात आणि साध्या वेव्हची 4 जीबीची मर्यादा जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास गाठली जाते. हा थाट कोर्टाला नको.

मग दाबायचे कसे? एमपीथ्री मोठ्या आवाजाखाली झाकला गेलेला बारीक आवाज टाकून देते, कारण कानाला तो ऐकू येत नाही असे तिचे गणित सांगते. गाण्याला हे चालते. पण वकिलांच्या हरकतीखाली दबलेला तो ‘स’ असाच जाऊ शकतो, आणि नेमके तेच कोर्टाला हवे असते. शिवाय नेहमीच्या एमपीथ्रीत चॅनेल दोनच. 2001 मध्ये आलेले फ्लॅक काहीच टाकत नाही, आठ चॅनेलपर्यंत घेते आणि जागा साधारण निम्मी करते. छताचा पंखा मात्र त्याचा शत्रू. त्या घरघरीत ठरावीक रचना नसते, आणि जे टाकायचे नाही ते फारसे दाबताही येत नाही.

खरी मेख पुढे आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या बिटांवरून काढलेला ठशासारखा आकडा, लिहावे लागते. प्रमाणपत्राचे महत्त्व जालन्याने देशाला शिकवले : अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या तिथल्या निवडणुकीच्या खटल्यात उमेदवारी अर्जाच्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण पुढे आले आणि 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य. फाइलचा एक बिट बदलला तरी हॅश बदलतो. वेव्हचे फ्लॅक केले तर आवाज तोच राहतो, पण फाइलचा हॅश निराळा होतो. प्रमाणपत्र वेव्हचे आणि हाती फ्लॅक, असे झाले की उलटतपासणीला आयते निमित्त. फ्लॅकच्या शीर्षभागात मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह हा हॅश नोंदता येतो, त्यामुळे आवाज तोच आहे हे तज्ज्ञाला दाखवता येते. पण तेवढ्यासाठी तज्ज्ञ कशाला बोलवायचा? सरळ फ्लॅकमध्येच नोंदवावे, कामकाज संपताच हॅश काढावा आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नये. वकिलांना ऐकायला ओपस या दाबलेल्या स्वरूपातली प्रत द्यावी : चॅनेलमागे 24 किलोबिट धरले तर चारही मिळून तासाला 43 एमबी, मोबाइलवर सहज जाईल. तिच्यावर ‘प्रत’ असे ठळक लिहावे.

पुढच्या आठवड्यात : पंखा बंद न करता मायक्रोफोन कुठे ठेवावा.