मूल होत नाही? मग नवऱ्याची तपासणी कुठे आहे?

वडपे आणि आसपासच्या गोडाऊनमध्ये काम करणाऱ्या कुटुंबांशी बोलताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लग्नाला तीन-चार वर्षे झाली, मूल नाही, की बाईची फाइल जाड होत जाते. सोनोग्राफी, रक्त, गर्भनलिकांची तपासणी, पुन्हा औषधे. त्या फाइलमध्ये नवऱ्याचा एकही कागद नसतो. विचारले तर सासूबाई म्हणतात, "त्याला काय झालंय? पन्नास किलोची गोणी एकटा उचलतो."

गोणी उचलण्याचा आणि शुक्राणूंचा संबंध नाही. शरीरसंबंध व्यवस्थित असणाऱ्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात किंवा अजिबात नसू शकतात. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे, कधी बाईच्या कारणासोबत. म्हणून वर्षभर कोणतेही साधन न वापरता गर्भ राहिला नाही, तर दोघांनी एकाच वेळी तपासणीला जायचे. बाईचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच.

पुरुषाची पहिली तपासणी सोपी आणि स्वस्त आहे, ती म्हणजे वीर्य तपासणी. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून न्यायचा तर तासाभरात पोहोचला पाहिजे, आणि आपल्या नाशिक हायवेची कोंडी सगळ्यांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू आणि त्यातले 42 टक्के हलणारे, ही खालची मर्यादा दिली आहे. पण आकडा खाली आला म्हणजे मूल होणारच नाही असे नाही. ताप येऊन गेला तरी रिपोर्ट बिघडतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. एका कागदावरून कोणी महागडा उपचार सुरू करायला सांगत असेल तर थांबा.

पुढे डॉक्टर हाताने तपासतात. लहानपणी वृषण खाली उतरले नव्हते का, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजले होते का, टीबी झाला होता का, हर्नियाचे ऑपरेशन झाले होते का, हे लाज न धरता सांगावे. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, हे वारंवार सापडणारे कारण आहे. ते हाताला लागत असेल आणि रिपोर्टही बिघडलेला असेल, तर ऑपरेशनचा उपयोग होऊ शकतो. वीर्यात शुक्राणू शून्य असतील तर हार्मोनच्या रक्ततपासण्यांतून अंदाज येतो की ते तयारच होत नाहीत की वाट अडली आहे. वाट अडली असेल तर वृषणातून सुईने शुक्राणू काढून एकेक बीजांडात सोडता येतो. मेंदूकडून येणारे हार्मोन कमी असतील तर इंजेक्शनांनी शुक्राणू पुन्हा तयार होऊ शकतात.

जिममधल्या पोरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. बॉडी बनवायला घेतलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने शुक्राणूंची निर्मिती बंद पाडतात. सोडल्यावर बहुतेकांची गाडी रुळावर येते, पण महिनोन्‌महिने लागतात. तंबाखू, दारू आणि सतत उष्णतेजवळचे कामही शुक्राणूंना मारक आहे.

आता बाबा-बुवांविषयी. पोर होईल म्हणून अंगारा देणारे आपल्याही वस्त्यांत फिरतात, आणि त्यांच्याकडे पाठवली जाते ती बाईच. दैवी शक्तीने आई करतो असे सांगून बाईशी संबंध ठेवणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कार्यकर्त्यांनी हे कलम पाठ ठेवावे.

या विषयावर विहारात बोलायचे म्हटले की काही ज्येष्ठ मंडळी अवघडतात. त्यांना आम्ही 1934 ची आठवण करून देतो. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, पण लोकांच्या अशा प्रश्नांना उत्तर मिळाले पाहिजे, ही भूमिका त्यांनी कोर्टात मांडली.

वीर्य तपासणी बहुतेक मोठ्या लॅबमध्ये होते. पुढच्या उपचाराला युरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्ट लागतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातच डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 ला टेस्ट ट्यूब बाळ जन्मले होते. खासगी केंद्रात जाणार असाल तर ते 2021 च्या कायद्याखाली नोंदलेले आहे का, हे आधी विचारा आणि नोंदणीचा दाखला बघूनच पैसे भरा. जाताना बाईची जुनी फाइल सोबत घ्या. त्याच तपासण्या पुन्हा करायचा खर्च वाचतो, आणि एका दिवसाचा खाडाही.